वाघाच्या मुलखातले सिंह

चंद्रपूरच्या परकोटाला चार वेशी आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या वेशींखालून रोज हजारो माणसे ये-जा करतात. कमानीच्या दोन्ही अंगांना कोरलेल्या प्राण्याकडे मान वर करून पाहणारा मात्र विरळा. तो सिंह आहे. आयाळ, उगारलेला पंजा, वर वळलेली शेपटी आणि पायाखाली दबलेला हत्ती. चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचे हे राजचिन्ह. बल्लारपूरच्या किल्ल्याशीही त्याचे नाते आहे आणि आज गोंडी संघटनांच्या फलकांवरही ते दिसते.

आता जरा थांबून विचार करावा. या शहराच्या वेशीपासून तासाभराच्या अंतरावर ताडोबा आहे. इथल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वाघ पाहिला, ऐकला, वाघाच्या भीतीने संध्याकाळी गुरे लवकर आत घेतली. सिंह त्याने कधीच पाहिला नाही. भारतीय सिंहाचा ऐतिहासिक वावर नर्मदेच्या उत्तरेला होता, वैनगंगा-वर्धेच्या खोऱ्यात नव्हे. तरीही दगडात मान मिळाला तो सिंहाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कलेतल्या प्राणी-वनस्पतींचा आढावा घ्यायचा, तर या विसंगतीपासूनच सुरुवात करावी लागते. जंगल जवळ आहे म्हणून जंगल नक्षीत उतरते, हा समज इथे पहिल्याच पावलाला अडखळतो.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. पूर्व आशियाची सजावटकला, म्हणजे चीन, कोरिया, जपानची भांडी, रेशीम, पडदे, लाखकाम, ही पशुपक्षी आणि फुलापानांसाठी जगभर नावाजलेली. तिथेही असेच. चीनमध्ये सिंह नव्हते. हान राजवटीत पश्चिमेकडच्या राज्यांनी भेट म्हणून पाठवलेले काही सिंह दरबाराने पाहिले. पुढे बौद्ध धर्माबरोबर सिंहासनावरचा, धर्मरक्षक सिंह आला आणि थेट राजवाड्यांच्या दारांत बसला. जपानात वाघ नव्हते. कानो घराण्याच्या चित्रकारांनी क्योटोच्या मठांत आणि सरदारांच्या महालांत सोनेरी पडद्यांवर वाघ रंगवले ते आयात केलेली कातडी आणि चिनी चित्रे समोर ठेवून. त्यातून एक गंमत झाली. बिबट्या म्हणजे वाघाची मादी असे ते धरून चालले, आणि कित्येक पडद्यांवर पट्टेदार नर व ठिपकेदार मादी सुखाने नांदताना दिसतात. ज्यांनी वाघ पाहिला नाही त्यांनी वाघ रंगवला; ज्यांच्या शिवारात वाघ येतो त्यांनी सिंह कोरला. दोन्हीकडे कारण एकच. नक्षीतला प्राणी सत्तेच्या, धर्माच्या आणि व्यापाराच्या वाटेने येतो. त्याला जंगलाच्या वाटेने यावेच लागते असे नाही.

मग चांद्यात सिंह कुठून आला? गोंड राजचिन्हावर लिहिणारे बहुतेक जण कोणार्कपर्यंत धाव घेतात. माझ्या मते इतके लांब जाण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जिथे उत्तरवाहिनी होते त्या काठावर मार्कंडादेवचा मंदिरसमूह उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या सुमारास इथे आला आणि थक्क झाला. त्याने मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे मोजली. माणसे आणि देवदेवता मिळून चारशेच्या वर, आणि दोन मूर्तींच्या मधल्या अरुंद जागांत उभे असलेले सिंह व हत्ती त्याच्या जवळजवळ निम्मे. एकूण आकडा सहाशेच्या घरात. म्हणजे या मंदिरावरची ढोबळमानाने दर तिसरी आकृती प्राण्याची आहे. खजुराहोशी तुलना करताना लोक मिथुनशिल्पांबद्दल बोलतात, या प्राण्यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

शिल्पशास्त्रात या प्राण्याला व्याल म्हणतात. मागच्या पायांवर उभा, अंगाने सिंह, तोंडाने कधी सिंह, कधी हत्ती, कधी पोपटासारखा. खाली एखादा हत्ती किंवा योद्धा. भिंतीच्या बाहेर आलेल्या आणि आत गेलेल्या भागांमधल्या सांध्यात त्याला उभे करायचे ही मध्ययुगीन स्थपतींची रूढ पद्धत. तिथे सावली दाट पडते, मोठी मूर्ती बसत नाही, आणि उभा प्राणी ती जागा नेमकी भरतो. सजावटीतला प्राणी पुष्कळदा असा जागेच्या गरजेतून जन्मतो. अर्थ मागाहून चिकटतो.

मार्कंडा गोंड राजांच्या आधीचे. चांद्याचा परकोट पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहाच्या काळात आखला गेला आणि पुढच्या पिढ्यांनी पुरा केला. मार्कंड्याची मंदिरे त्याच्या किमान तीन-चारशे वर्षे आधीची. ती या राजांच्याच मुलखात होती आणि महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरत होती. परकोट बांधणाऱ्या पाथरवटांच्या डोळ्यांसमोर हत्तीवर चढलेला व्याल आधीपासूनच होता. त्याला भिंतीच्या अरुंद सांध्यातून काढले, आडवे केले, वेशीवर बसवले की राजचिन्ह तयार. हा माझा कयास आहे, पण नकाशा आणि काळ दोन्ही त्याच्या बाजूने आहेत. दुसरेही एक कारण असावे. दख्खनच्या किल्ल्यांवर यादवांपासून बहमनींपर्यंत शरभ, गंडभेरुंड आणि पंजात हत्ती धरलेले सिंह कोरण्याची चढाओढ होती. शेजाऱ्यांच्या दारावर जी भाषा होती, ती चांद्याच्या राजानेही बोलायची ठरवली. तिथे वाघ कोरून भागले नसते. वाघ गावचा, सिंह दरबारचा.

शहराच्या स्थापनेची दंतकथा मात्र वेगळ्याच प्राण्याची आहे. शिकारीला निघालेल्या बल्लाळशहाला कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा दिसला. तो कुत्र्यापासून पळत नव्हता, उलट कुत्र्याच्या मागे लागला होता. ज्या वाटेने ही धाव झाली त्याच वाटेने राणीच्या सल्ल्यावरून परकोट बांधला. मेजर ल्युसी स्मिथच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालापासून ही कथा छापली जाते आहे. सशाची जागा कथेत, सिंहाची वेशीवर, अशी वाटणी आहे. जपानात ससा शोभेच्या कामातला लाडका प्राणी ठरला. चंद्रावरचा ससा, लाटांवरून धावणारा ससा, लाखेच्या डब्यांवर आणि किमोनोवर. चंद्रातल्या सशाची जातककथा तिथल्या जुन्या ‘कोंजाकू’ कथासंग्रहातही आहे. आपल्याकडे, चंद्राच्या नावाच्या शहरात, कपाळी चांदणी मिरवणारा ससा असताना त्याचे एक साधे बोधचिन्हही कोणी केले नाही. महापालिकेला सुचवावेसे वाटते, पण तिथेही बहुधा वाघच बसेल.

भद्रावतीत हा विषय आणखी खोल जातो. या एका गावात विजासनची बौद्ध लेणी आहेत, भद्रनागाचे मंदिर आहे आणि केसरिया पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे. भद्रनागाच्या मंदिरात नाग हाच देव. पार्श्वनाथाच्या डोक्यावर नागफणांचे छत्र ही त्या तीर्थंकराची ओळख. बौद्ध कथांत मुचलिंद नाग बुद्धावर फणा धरतो. तिन्ही परंपरांनी एकच प्राणी घेतला आणि त्याला एकच काम दिले, डोक्यावर छाया धरण्याचे. हे नाग बौद्ध सूत्रांबरोबर चीनमध्ये पोचले तेव्हा तिथे पाण्याचा आणि पावसाचा स्वामी असलेला ड्रॅगन आधीच होता. दोघांची सरमिसळ झाली, नागराजे चिनी रूपात समुद्रतळाच्या महालांत राहू लागले आणि तिथून जपानी मंदिरांच्या छतांवर चढले. मूळ नागाला पाय नव्हते, ड्रॅगनला पंजे आहेत, बोटे किती असावीत याचेही दरबारी नियम झाले. तलावाकाठी, वारुळापाशी राहणारा आपला नाग मात्र नागच राहिला.

चिनी यात्रेकरू युआन श्वांग सातव्या शतकात कोसलच्या राजधानीला आला होता. ती राजधानी म्हणजे भांदक, आजचे भद्रावती, असे कनिंगहॅमने मांडले. फर्ग्युसनने वैरागडचे नाव घेतले, पुढच्या अभ्यासकांचा कल छत्तीसगडच्या सिरपूरकडे गेला. वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यावर स्थानिक अभिमानाची इमारत चढवू नये. मात्र भारतातल्या विहारांतून पोथ्या, मूर्ती आणि त्यांच्यावरचे कमळ-मकर-सिंह पूर्वेला गेले, एवढे निश्चित. पूर्व आशियातल्या सजावटीची अर्धी अधिक वर्णमाला बुद्धाच्या आसनाखालून निघाली. उरलेली त्यांची स्वतःची, आणि ती कमालीची शिस्तबद्ध. मिंग दरबाराने १३९१ मध्ये नियम केला की नागरी अधिकाऱ्याच्या छातीवर पक्षी असावा आणि लष्करी अधिकाऱ्याच्या छातीवर पशू. सर्वांत वरच्या नागरी दर्जाला क्रौंच. कोणाच्या अंगावर कोणता प्राणी, यावरून समोरच्याने किती वाकायचे ते ठरे.

असे प्राण्यावरून माणूस ओळखण्याचे शास्त्र चांद्याच्या जंगलातही आहे, फक्त ते कापडावर भरलेले नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात गोंडांच्या देवसंख्येप्रमाणे पूज्य प्राणी दिले आहेत. सात देवांच्या घराण्यांना साळिंदर, सहा देवांच्यांना वाघ, पाचांना सारस, चारांना कासव. प्रदेशाप्रमाणे यादी बदलते. गावागावांत विचारले तर बकरा, नाग, मगर अशी नावेही निघतात. समान देवांच्या घरात सोयरीक होत नाही. आपल्या कुळाच्या प्राण्याला मारायचे नाही, खायचे नाही. म्हणजे इथला सर्वांत महत्त्वाचा प्राणी लग्न जुळवताना आणि ताटात काय वाढायचे ते ठरवताना हजर असतो. भिंत सजवायला तो लागतोच असे नाही. बाहेरच्या अभ्यासकाला नक्षी दिसली नाही की तो ‘कला नाही’ असा शेरा मारून पुढे जातो. नात्यातल्या माणसाचा फोटो आपण प्रत्येक पिशवीवर छापत नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही.

वाघाचेही तसेच. ताडोबाच्या तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली तारूचे ठाणे आहे. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, आणि देव झाला. त्याच्याच नावावरून जंगलाला ताडोबा म्हणतात अशी परंपरा आहे. पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत असे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. झाडीपट्टीत बांधावर, पाणंदीच्या तोंडाशी वाघोबाचे शेंदूर फासलेले दगड अजून सापडतात. पुष्कळदा त्या दगडावर वाघ कोरलेलाही नसतो, नुसता शेंदूर. वाघाची आकृती काढणे म्हणजे त्याला बोलावणे, असे म्हणणारी माणसे मला भेटली आहेत. सगळीकडे हीच श्रद्धा असेल असे नाही, पण वाघ शोभेचा का झाला नाही, याचे उत्तर या दिशेने शोधावे असे मला वाटते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल भागात आजही वाघाच्या हल्ल्यात माणसे मरतात. ज्याच्या घरी असा मृत्यू झाला, त्याच्यासमोर वाघाची नक्षी हा विषय काढायला जीभ धजत नाही.

अभ्यासाच्या बाबतीत हा प्रदेश दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत पडला. ग्रिगसनने १९३८ मध्ये बस्तरच्या माडियांवर लिहिले, हायमेनडॉर्फने १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवर. पूर्वेला इंद्रावतीपलीकडे एक, दक्षिणेला प्राणहिता-वर्धेपलीकडे दुसरा. मधे भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा राहून गेले. परिणाम असा की माडियांच्या गोटुलचे, म्हणजे युवागृहांचे, कोरीव खांब, मृतांच्या नावाने उभे केलेले लाकडी व दगडी स्तंभ, त्यांच्यावरचे पक्षी आणि मासे, बांबूच्या फण्यांवरची कातरकामे यांची चित्रांसह सूची आपल्या हाताशी नाही. बस्तरची शिंगे लावलेली नर्तकांची टोपी जगभरच्या पुस्तकांत छापली गेली आणि लोक ती गडचिरोलीचीही समजतात. लाकूड टिकत नाही. वाळवी आणि पाऊस दोघेही सूचीची वाट पाहत नाहीत. सीमेपलीकडच्या आदिलाबादने निदान आपल्या पितळी ढोकरा कामाला भौगोलिक मानांकन मिळवून घेतले. तिथले वोज कारागीर राजगोंडांसाठी बैल, मोर, हत्ती ओततात.

लाकडाचे आणखी एक चित्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान वाजतगाजत रवाना झाले. आलापल्ली-बल्लारपूरचा साग देशात अव्वल, त्यात शंका नाही. त्याची दारे घडवली हैदराबादच्या कंपनीने, तमिळ कारागिरांच्या हातून. त्यांच्यावर हत्ती आणि कमळे आहेत, वर सोन्याचा पत्रा. लाकूड आमचे, हात आणि हत्ती दुसऱ्यांचे. हत्तींबद्दल विशेष म्हणजे, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडमार्गे रानहत्तींचा कळप खरोखरच गडचिरोलीत शिरला आणि भाताच्या बांध्या तुडवू लागला. त्याआधी शेकडो वर्षे इथला हत्ती प्रामुख्याने दगडातला, सिंहाच्या पायाखालचा, किंवा कमलापूरच्या कॅम्पमधला पाळीव होता.

रेशमाकडे वळले की नक्षीचा प्रश्न वेगळेच वळण घेतो. आरमोरी, नागभीड, सिंदेवाही भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळल्या जातात. हे काम पिढीजात ढिवर समाजाचे. उन्हापावसात उघड्या झाडावर अळी, भोवती पक्षी आणि मुंग्या; घरात तुतीच्या पानांवर वाढवलेल्या चिनी किड्याच्या तुलनेत हा पूर्ण रानटी जीव. त्या कोशाचे सूत विदर्भातले कोष्टी विणतात आणि त्याची प्रसिद्ध साडी म्हणजे करवत काठी. अंग कोशाचे, काठ सुती, तीन धोट्यांनी विणलेला, आणि काठावर नक्षी आहे करवतीच्या दातांची. पैठणीवर मोर, मुनिया, कमळ, आसावली. करवतीवर सुताराचे हत्यार! जंगलातल्या पतंगाच्या रेशमावर जंगल कापणाऱ्या साधनाची रेघ. काही जण तिला देवळांच्या शिखरांची रांग म्हणतात आणि भारतभर अशा काठाला तसे नावही आहे. पण विदर्भातल्या विणकराने नाव दिले ते करवतीचे, आणि मला त्याचा हा कोरडेपणा आवडतो. मानांकन मिळालेली ही साडी आज मोर-कमळांच्या बाजारात मागे पडते; मग व्यापारी सुचवतात की काठावर मोर टाका. टाकू नयेत.

बांबूबद्दल थोडक्यात. सोंग राजवटीतल्या वेन तोंगपासून चिनी चित्रकारांनी बांबू हा चारित्र्याचा नमुना म्हणून रंगवला. वाकतो, मोडत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत बांबू कुणी रंगवला नाही. तो बुरडांच्या हातून सूप, टोपले, ताटवे झाला, आणि १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कंपनीत कागद झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये आपल्या बांबूवरचा हक्क प्रत्यक्ष वापरून दाखवला, तेव्हा देशाने या गवताकडे नव्याने पाहिले. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात आता बांबूच्या वस्तूंवर वाघाचे चेहरे जाळून उमटवतात. विकले जातात, हरकत नाही. पण टोपल्याच्या विणीतच जी चौकट, जी तिरकी जाळी असते, तिच्यापुढे हे चेहरे फिके पडतात.

आणि शेवटी भिंती. गेल्या दहा-बारा वर्षांत दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळा, कार्यालये, पूल, रिसॉर्ट ‘आदिवासी कले’ने रंगले आहेत. २०१८ मध्ये चंद्रपूर आणि बल्लारशा स्थानकांना सुशोभीकरणात देशात पहिला क्रमांक मिळाला, ताडोबाच्या वन्यजीवांमुळे. ते काम चांगलेच होते. त्यानंतर जी लाट आली तिच्याबद्दल बोलले पाहिजे. पांढऱ्या त्रिकोणी माणसांची वारली चित्रे डहाणू-पालघरची आहेत. अंगभर रेघा आणि ठिपके भरलेले हरीण, शिंगांतून झाड उगवलेले, ही शैली मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या परधान गोंडांची. ऐंशीच्या दशकात भोपाळच्या भारत भवनात चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी जनगढसिंग श्यामला आणले आणि त्याच्या हातून ती घडली. तो २००१ मध्ये जपानमधल्या निगाता भागात, मिथिला संग्रहालयात काम करत असताना वारला. पूर्व आशियाशी गोंड कलेचे नाते शोधणाऱ्यांनी आधी ही शोकांतिका वाचावी. ही शैली थोर आहे. ती चांद्याची नाही, एवढेच. नाव ‘गोंड’ आहे म्हणून कंत्राटदार ती इथल्या भिंतीवर उतरवतो आणि भामरागडच्या पोरांना वाटते की आपले आजोबा असेच काढत असत.

एखादी शैली दुसरीकडून घेण्यात गैर काही नाही. वेशीवरचा सिंहही घेतलेलाच. फरक असा की त्या पाथरवटांनी तो आपल्या दगडात, आपल्या राजासाठी नव्याने घडवला. आजच्या भिंतीवर इंटरनेटवरची नक्कल असते, खाली चित्रकाराचे नाव नसते आणि तीन पावसाळ्यांत ती उडून जाते.

म्हणून मागणी साधी आहे. इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून चंद्रपूरचा परकोट झुडपे आणि कचऱ्यातून मोकळा केला. त्यामुळे वेशी आणि बुरूज आता नीट दिसतात. दुरुस्तीसाठी मार्कंड्याच्या मुख्य मंदिराचे दगड उतरवून ठेवले गेले आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. निदान त्या प्रत्येक दगडाचे छायाचित्र आणि क्रमांक लोकांसमोर यावा. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने पुढाकार घेऊन वेशी, देवळे, स्मारकस्तंभ, गोटुलचे खांब, फण्या, टोपल्यांच्या विणी आणि करवतीचे काठ यांची एक सचित्र सूची करावी. माडिया आणि गोंडीतली नावे देऊन, आणि ज्या घरांची ती चिन्हे आहेत त्यांना विचारून. जे चित्र बाहेर दाखवायचे नाही असे गाव म्हणेल, ते दाखवू नये. आणि ही सूची हाती येईपर्यंत जिल्हा नियोजनाच्या पैशातून एकाही सरकारी भिंतीवर ‘आदिवासी कला’ रंगवण्याचे नवे कंत्राट देऊ नये.